गाणं नेमकं कुठे अडकतं?

विलंबित एकतालातला ख्याल रंगात आलाय, गायिका मुखडा उचलून समेकडे निघालीय आणि समेच्या दोन मात्रा अलीकडे स्पीकर गप्प. चार-पाच सेकंदांनी गाणं जिथे थांबलं तिथूनच सुरू होतं, एक मात्राही गळत नाही. पण लय मोडलेली असते आणि ऐकणाऱ्याचा जीव हळहळतो. ज्याने ॲम्प्लिफायर आणि स्पीकर विचार करून, पैसे साठवून घेतलेत त्याला तर हे फारच लागतं. मग तो पुन्हा खर्चाला निघतो. इंटरनेटचा मोठा प्लॅन, महागडी नेटवर्क केबल, कधी थेट नवा स्ट्रीमर, म्हणजे इंटरनेटवरून गाणं घेऊन ॲम्प्लिफायरला देणारं उपकरण. यातला बराचसा पैसा वाया जातो, कारण दोष कुठे आहे हे शोधण्याआधीच तो खर्च झालेला असतो.

गाणं कंपनीच्या सर्व्हरवरून निघतं, इंटरनेटवाल्याच्या फायबरमधून घरातल्या डब्यात येतं, तिथून राउटर, मग वायफाय किंवा केबल, मग स्ट्रीमर, आणि शेवटी ॲम्प्लिफायर. यातला कोणता टप्पा तुटतोय हे घरच्या घरी, बहुतेक वेळा फुकटात कळतं. आड येतात ते काही घट्ट बसलेले गैरसमज.

‘नेट स्लो आहे, मोठा प्लॅन घ्या’

आधी हिशेब करू. सीडीवरचं संगीत सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, आणि डावी-उजवी अशा दोन वाहिन्या. गुणाकार केला की सेकंदाला १४ लाख बिट, म्हणजे १.४ एमबीपीएस होतात. फ्लॅक फाइलमध्ये दर्जा जराही न गमावता हेच साधारण अर्ध्या ते दोन-तृतीयांशावर येतं. हाय-रेझचं टोक गाठायचं, म्हणजे २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झ, तरी न दाबलेला प्रवाह ९.२ एमबीपीएस भरतो. ४० एमबीपीएसच्या साध्या प्लॅनवर अशी चार गाणी एकाच वेळी चालतील. शंभरचा प्लॅन तीनशेचा केल्याने संगीताला मिळतं काय? काहीच नाही.

तरीही लोक हटकून स्पीड टेस्ट करतात आणि आकडा चांगला आला की चक्रावतात. स्पीड टेस्ट काही सेकंदांची सरासरी सांगते, तीही फोनपासूनची आणि फोन जिथे धरलाय तिथली. रात्री साडेनऊला तीन सेकंद तुटलेला दुवा तिला दिसत नाही. संगीताला वेग थोडा लागतो, सातत्य मात्र अखंड लागतं.

प्लॅन पुरेसा असूनही गाणं अडकण्याचं एक कारण मात्र खरोखर इंटरनेटच्या जोडणीत असतं, आणि ते सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. घरात कुणाचा तरी फोन चार्जिंगला लागतो आणि दिवसभराचे फोटो-व्हिडिओ क्लाउडवर चढवायला लागतो. शिवाय दारावरचा कॅमेरा चित्रण वर पाठवतच असतो. अपलोडची वाट भरली की राउटर डेटाची पाकिटं टाकून देण्याऐवजी रांगेत साठवत बसतो, आणि ‘पुढचा तुकडा पाठव’ ही स्ट्रीमरची इवलीशी विनंतीही त्याच रांगेत अडकते. याला बफरब्लोट म्हणतात. काही राउटरांत यावर ‘एसक्यूएम’ नावाची सोय असते. नसेल तर बॅकअपची वेळ मध्यरात्रीनंतरची ठेवा. गाणं पुन्हा सुरळीत झालं तर चोर सापडला.

‘फोनला फुल रेंज आहे, म्हणजे स्ट्रीमरलाही असणार’

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. तुमचा फोन हातात, मोकळ्या हवेत असतो. स्ट्रीमर कुठे असतो ते पाहा. टीव्हीखालच्या युनिटमध्ये, ॲम्प्लिफायरच्या धातूच्या पेटीवर किंवा मागे, अँटेना भिंतीला टेकलेली, भोवती वायरींचं जाळं. राउटर तर फायबर जोडायला आलेल्या मुलाला सोयीचं वाटलं तिथे, बहुधा दारावर किंवा माळ्याच्या कडेला. मध्ये सिमेंट-काँक्रीटची एक भिंत, एक लोखंडी कपाट आणि पूर्ण उंचीचा आरसा. लोखंड आणि आरशाची मागची चकाकी दोन्ही रेडिओलहरींना अडवतात.

म्हणून फोनवरचे दांडे मोजू नका, स्ट्रीमरला काय मिळतंय ते पाहा. बऱ्याच स्ट्रीमरांच्या ॲपमध्ये किंवा राउटरच्या पानावर हा आकडा डीबीएममध्ये दिसतो. तो उणे असतो, आणि शून्याकडे जितका जवळ तितका चांगला. उणे ६७ पर्यंत निर्धास्त राहा, उणे ७५ च्या पलीकडे गेला तर त्रास ठरलेला. आकडा वाईट असेल तर पैसे काढण्याआधी स्ट्रीमर वीतभर सरकवून पाहा. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण १२ सेंटिमीटर असते, आणि भिंतींवरून परतलेल्या लहरी काही जागी एकमेकींना मारतात. त्यामुळे वीतभर सरकवल्यानेही आकडा पाच-दहाने सुधारलेला दिसतो. युनिटमधून बाहेर काढून नुसता वरच्या फळीवर ठेवला तरी पुष्कळदा काम होतं.

दुसरा प्रश्न शेजाऱ्यांचा. पुण्या-ठाण्याच्या एखाद्या सात मजली इमारतीत फोनवर वायफायची यादी उघडली तर वीस-पंचवीस नावं सहज दिसतात. २.४ च्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि सगळी इमारत त्यांवर दाटीवाटीने बसलेली. मायक्रोवेव्ह ओव्हन, ब्लूटूथ, बिनवायरी माउस हेही त्याच पट्ट्यात. एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं हा वायफायचा नियम आहे, त्यामुळे शेजाऱ्याची क्रिकेट मॅच तुमच्या मारव्याचा वेळ खाते. चॅनेल ‘ऑटो’वर सोडू नका. चॅनेलांवरची गर्दी दाखवणारं मोफत ॲप घेऊन संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी तपासा, तिघांतलं सर्वांत रिकामं निवडा आणि चॅनेलची रुंदी ४० ऐवजी २० मेगाहर्ट्झ ठेवा.

५ गिगाहर्ट्झला जागा भरपूर असते, पण भिंतीपुढे त्याचं बळ लवकर सरतं. एकाच खोलीत किंवा एका भिंतीआड असाल तर तोच घ्या. तिथेही एक खोच आहे. ५२ ते १४४ या चॅनेलांच्या पट्ट्यात रडारही चालतं. राउटरला रडारची चाहूल लागली, किंवा नुसता तसा भास झाला, तरी तो ते चॅनेल तातडीने सोडतो, आणि त्याच टापूतलं दुसरं चॅनेल घ्यायचं तर निदान एक मिनिट कानोसा घेत थांबतो. दिवसाकाठी एखाद-दोनदा, कुठलंही कारण नसताना मिनिटभर शांतता होत असेल तर हा संशय धरा आणि ३६ ते ४८ मधलं चॅनेल पक्कं करून पाहा.

रिपीटर विकत घेणाऱ्यांना एवढंच सांगायचंय की रेंज संपते त्या कोपऱ्यात तो लावू नका. त्याला स्वतःलाच चांगलं ऐकू येईल अशा मधल्या जागी लावा. एकाच रेडिओचा स्वस्त रिपीटर ऐकलेलं पुन्हा उच्चारतो, म्हणून वेग निम्मा होतो. संगीताला निम्माही पुरतो. पण मूळ सिग्नलच तुटका असेल तर तो तुटकाच पुढे धाडेल.

‘गाणं फोनमधून जातं’

कधी जातं, कधी नाही, आणि दुरुस्तीची दिशा यावरच ठरते. गाणं लावा आणि मिनिटाभराने फोन विमान मोडवर टाका, ब्लूटूथही बंद करा. गाणं चालूच राहिलं तर स्ट्रीमर ते स्वतः इंटरनेटवरून ओढतोय आणि फोन फक्त रिमोट आहे. क्रोमकास्ट आणि स्पॉटिफाय कनेक्ट असं चालतं. लगेच बंद पडलं तर प्रवाह फोनमधून जात होता, जसा ब्लूटूथमध्ये जातो आणि फोनवरून एअरप्ले केल्यावर जातो. अशा वेळी स्ट्रीमरची रेंज सुधारून अर्धंच काम होतं. तुम्ही फोन घेऊन बाल्कनीत गेलात की गाणं तुटणार.

पुष्कळ घरांत आपण वायफायवर हाय-रेझ ऐकतोय असं समजून वर्षभर ब्लूटूथच ऐकलं जातं. त्यात गाणं वाटेत पुन्हा एकदा दाबलं जातं आणि दर्जा खरोखर उतरतो. चांगल्या स्पीकरवर हे ऐकू येतं.

‘ॲपमध्ये स्ट्रीमर दिसत नाही, म्हणजे तो बिघडला’

काल होता, आज नाही. दुकानात परत न्यायला निघण्याआधी थोडं थांबा. फोन आणि स्ट्रीमर एकमेकांना शोधतात ते वाड्याच्या चौकात उभं राहून हाक मारावी तसं. स्ट्रीमर घरच्या नेटवर्कवर सगळ्यांना उद्देशून ‘मी इथे आहे’ असं सांगतो आणि फोन ते ऐकतो. या हाकेला मल्टिकास्ट म्हणतात. हाक वाड्याच्या भिंतीबाहेर जात नाही, आणि आपल्याकडच्या कितीतरी घरांत नकळत दोन वाडे तयार झालेले असतात. इंटरनेटवाल्याचा डबा स्वतः राउटर असतो आणि त्याचं वायफाय चालूच असतं. त्यामागे आपण हौसेने आणलेला दुसरा राउटर. फोन एकावर, स्ट्रीमर दुसऱ्यावर. इंटरनेट दोघांनाही मिळतं, म्हणून कुणाला शंका येत नाही.

तपासायला मिनिटही लागत नाही. फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये आयपी पत्ता पाहा, स्ट्रीमरच्या पडद्यावर किंवा राउटरच्या यादीत त्याचा पाहा. घरगुती नेटवर्कात पहिले तीन आकडे जुळायला हवेत. एक १९२.१६८.१.५ आणि दुसरा १९२.१६८.०.१२ असेल तर दुसऱ्या राउटरला ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडवर टाका, किंवा इंटरनेटवाल्याला सांगून त्याचा डबा ‘ब्रिज’ मोडवर करून घ्या. फोन २.४ वर आणि स्ट्रीमर ५ वर असल्याने मात्र काही बिघडत नाही. एकाच राउटरचे ते दोन पट्टे सहसा एकच नेटवर्क असतात.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर गोष्ट वेगळी. तो स्ट्रीमरने नाइलाजाने स्वतःच घेतलेला पत्ता असतो, कारण राउटरकडून त्याला मिळालाच नाही. लाईट जाऊन आल्यावर हे हमखास होतं. स्ट्रीमर काही सेकंदांत जागा होतो, फायबरचा डबा आणि राउटर दोन-तीन मिनिटं घेतात, आणि तोवर स्ट्रीमर मागून मागून थकलेला असतो. राउटर पूर्ण सुरू झाल्यावर स्ट्रीमर बंद करून पुन्हा लावा. लाईट वारंवार जात असेल तर राउटर आणि डबा दोन्हींसाठी छोटा डीसी यूपीएस घ्या. मोठ्या प्लॅनपेक्षा तो किती तरी जास्त उपयोगी पडतो.

याशिवाय फोन गेस्ट वायफायवर तर नाही ना हे पाहा, कारण तिथे उपकरणांना एकमेकांशी बोलू देत नाहीत. व्हीपीएन चालू असेल तर बंद करा. आयफोनवर २०२० च्या आयओएस १४ पासून स्थानिक नेटवर्क वापरायला प्रत्येक ॲप वेगळी परवानगी मागतं. घाईत ‘नको’ दाबलं गेलं असेल तर ते ॲप स्ट्रीमरला जन्मभर शोधत बसेल.

‘भारी नेटवर्क केबल लावली की आवाज खुलतो’

या बाबतीत मी स्पष्टच बोलणार, कारण इथे हौशी माणसाची लूट होते. केबलमधून आकडे जातात. प्रत्येक पाकिटाबरोबर पडताळणीचा आकडा असतो. पाकीट खराब झालं तर ते फेकलं जातं, आणि संगीतसेवा ज्या पद्धतीने प्रवाह पाठवतात तीत ते पुन्हा मागवलं जातं. आलेले तुकडे आधी स्ट्रीमरच्या स्मृतीत साठतात आणि डॅक, म्हणजे आकड्यांचा आवाज बनवणारा भाग, तिथून ते आपल्या घड्याळाच्या ठोक्याने उचलतो. त्यामुळे वाईट केबलने गाणं तुटेल, थांबेल, पण तानपुरा मंद किंवा तबला बोथट होणार नाही. नेटवर्कमुळे दर्जा उतरायची एक खरी वाट आहे. ॲपमधला दर्जा ‘ऑटो’ असेल तर अडचण दिसताच ॲप स्वतःच कमी बिटरेटवर उतरतं. सेटिंगमध्ये तो पक्का करून ठेवा.

केबलबाबत एक गोष्ट नक्की पाहायला हवी. केबल लागते त्या दोन्ही उपकरणांच्या पोर्टांत ट्रान्सफॉर्मर असतात, त्यामुळे साध्या, पत्रा न गुंडाळलेल्या केबलने उपकरणांचं अर्थिंग एकमेकांना जोडलं जात नाही. आवरणवाली शील्डेड केबल धातूच्या टोकांनी ते जोडू शकते, आणि स्पीकरमध्ये हलकी घूं सुरू होते. घरात साधी कॅट ६ किंवा अगदी कॅट ५ई पुरते. दोन्ही १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट वाहतात.

हीच साधी केबल शोधाचं सर्वांत चांगलं हत्यार आहे. वीस मीटरचा तुकडा आणा, राउटरपासून स्ट्रीमरपर्यंत जमिनीवरूनच टाका आणि दोन-तीन संध्याकाळी ऐका. अडकणं थांबलं तर दोष वायफायमध्ये होता. मग केबल भिंतीतून नेणं किंवा जागा-चॅनेल बदलणं, काय ते ठरवा. थांबलं नाही तर पेन ड्राइव्हवरची फाइल थेट स्ट्रीमरला लावा. तीही अडखळली तर नेटवर्कला सोडून द्या, दोष स्ट्रीमरमध्ये किंवा फाइलमध्ये आहे. ती नीट वाजली तर राउटर, बाहेरची लाइन आणि संगीतसेवा एवढेच उरतात.

तेही वेगळे करता येतात. लॅपटॉप केबलने राउटरला जोडा आणि दोन खिडक्यांत दोन पिंग, म्हणजे उत्तर येतंय का हे पाहणाऱ्या हाका, सतत चालू ठेवा, एक राउटरच्या पत्त्याला, दुसरा ८.८.८.८ या गूगलच्या सार्वजनिक पत्त्याला. गाणं अडलं त्या क्षणी पहिला पिंग गळला तर राउटर दोषी. पहिला शांत आणि दुसरा गळला तर दोष लाइनचा. दोन्ही शांत असताना गाणं अडलं तर दुसरी संगीतसेवा लावून पाहा. दोष लाइनचा निघाला तर तारीख, वेळ आणि दोन्ही खिडक्यांचे फोटो जपून ठेवा. तक्रार केल्यावर समोरचा आधी ‘राउटर बंद करून चालू करा’ असंच सांगतो. हे फोटो पाठवले की तपासणी फायबरच्या जोडापासून सुरू करायला त्याला सांगता येतं.