फुकटचा महिना कोणाला परवडतो?

जळगावच्या दाणा बाजारात चाखायला दिलेले मूठभर शेंगदाणे दुकानदाराच्या पोत्यातून कमी होतात. मोबाइलवरच्या सिनेमा-अ‍ॅपच्या ‘पहिला महिना मोफत’चं तसं नाही. सिनेमा साठवलेलाच आहे. आणखी एकाने पाहिला तर खर्च फारसा वाढत नाही.

पण वापर प्रचंड झाला की खर्च वाढतो. जिओने सप्टेंबर २०१६ मध्ये दिवसाला ४ जीबी फुकट दिले आणि जानेवारीत ते १ जीबीवर आणले. युजनेटचंही तेच. १९७९ साली अमेरिकेत ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस यांना सुचलेली ही संगणकांमधून संदेश फिरवण्याची व्यवस्था. तिला मुख्य संगणकच नाही. एका सर्व्हरवर आलेला मजकूर दुसरा उतरवून घेतो आणि तिसऱ्याला देतो. पुढे त्यातून अवाढव्य फाइली फिरू लागल्या. त्या साठवायला डिस्कच्या रांगा लागतात. म्हणून युजनेट सेवा विकणाऱ्यांच्या मोफत चाचणीला दिवसांबरोबर जीबीचीही मर्यादा असते.

मग फुकट असताना धुळ्यातल्या गिऱ्हाइकाकडून कार्ड किंवा यूपीआयची परवानगी कशाला? मुदत संपताच पैसे आपोआप कापता यावेत म्हणून. कंपनीची भिस्त आपल्या विसरभोळेपणावर, असं माझं स्पष्ट मत! रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कपातीच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते. ती आली की यूपीआय अ‍ॅपच्या ‘ऑटोपे’मध्ये परवानगी रद्द करता येते.

नवा ईमेल काढून पुन्हा फुकट मिळवू पाहणारे महाभाग असतातच. पण कार्ड जुनंच असतं, तिथे ते सापडतात.