जुने चीवर आणि संथ लॅपटॉप

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. कोसंबीच्या उदेन राजाच्या अंतःपुरातील स्त्रियांनी स्थविर आनंद यांना पाचशे वस्त्रे दान केली. एका भिक्खूला इतकी वस्त्रे कशासाठी, असा प्रश्न राजाला पडला आणि त्याने तो आनंदांनाच विचारला. ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांच्यात ही वाटली जातील, असे आनंदांनी सांगितले. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची अंथरुणावरची आच्छादने होतील. जुन्या आच्छादनांच्या गादीच्या खोळी, खोळींची जमिनीवरची बैठक, तिची पुढे पायपुसणी, पायपुसण्यांची धूळ झटकण्याची फडकी. आणि फडकीही विरली की त्यांचे तुकडे चिखलात कालवून त्यांनी जमीन लिंपली जाईल. राजाचे समाधान झाले आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

आपल्यासारख्या निवासी शाळेच्या संगणक कक्षात हा प्रसंग वारंवार आठवतो. येथील लॅपटॉप बहुधा दानातून येतात. कोणा माजी विद्यार्थ्याने, कोणा उपासकाने चार-सहा वर्षे वापरून ते आपुलकीने दिलेले असतात. ते संथ चालू लागले की ‘आता याचे आयुष्य संपले’ असे म्हणून कपाटात जातात. मात्र आयुष्य खरोखर संपले आहे की नाही, याची तपासणी क्वचितच होते.

या संथपणाची किंमत कोण मोजतो, हे पाहिले पाहिजे. तासिका पस्तीस मिनिटांची आहे असे समजू. लॅपटॉप कामाला लागेपर्यंत दहा मिनिटे गेली, तर पंचवीस उरतात. एका यंत्रावर दोघे बसत असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेबारा मिनिटे येतात. ज्याच्या घरी संगणक आहे, त्याचे हे नुकसान संध्याकाळी भरून निघते. ज्याला ही साडेबारा मिनिटेच मिळतात, त्याचे कधीच भरून निघत नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जाची अखेरची तारीख असेल, तर प्रश्न केवळ शिक्षणाचा राहत नाही, तो पुढच्या वर्षाच्या फीचा होतो. म्हणून लॅपटॉप वेगवान कसा करावा, हा विषय दिसतो तितका किरकोळ नाही.

आधी निदान

तथागतांनी दुःखाचा विचार वैद्याच्या पद्धतीने केला. दुःख आहे, दुःखाला कारण आहे, कारण दूर केले की दुःखाचा निरोध होतो आणि त्यासाठी मार्ग आहे. यंत्राच्या बाबतीतही हाच क्रम उपयोगी पडतो. संथपणा हे लक्षण आहे. कारण न शोधता उपाय करणे म्हणजे ताप आलेल्या प्रत्येकाला एकच गोळी देणे होय.

विंडोजवर चालणाऱ्या लॅपटॉपमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. त्यात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांवर किती भार आहे, हे टक्क्यांत दिसते. लॅपटॉप रेंगाळत असताना हे तीन आकडे पाहावेत. प्रोसेसरवर भार थोडा असून डिस्क सतत शंभर टक्क्यांवर असेल, तर अडचण डिस्कची आहे. मेमरी नव्वद टक्क्यांच्या पुढे गेली असेल, तर रॅम अपुरी पडते आहे. प्रोसेसरच शंभर टक्क्यांवर असेल, तर यादीत सर्वांत वर असलेला प्रोग्राम कोणता, ते पाहावे. तिन्ही आकडे कमी असूनही काम रखडत असेल, तर उष्णतेचा किंवा इंटरनेटचा संशय घ्यावा. ऑफलाइन लेखन झरझर होते आणि केवळ संकेतस्थळे उघडत नाहीत, अशा वेळी दोष लॅपटॉपचा नसून जोडणीचा असतो.

खर्चाविना होणारे उपाय

पहिला उपाय ‘रीस्टार्ट’चा. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. तिच्यामुळे ‘शट डाउन’ केल्यावर प्रणालीचा गाभा पूर्णपणे बंद होत नाही. त्याची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच परत उचलली जाते. त्यामुळे साचलेला गोंधळही तसाच राहतो. ‘रीस्टार्ट’ केले की मात्र सर्व काही नव्याने सुरू होते. आठवड्यातून एकदा हे करावे.

दुसरा उपाय आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामांचा. लॅपटॉप चालू होताच अनेक प्रोग्राम आपल्याला न विचारता जागे होतात. टास्क मॅनेजरमधील ‘स्टार्टअप’ या विभागात त्यांची यादी असते. गप्पांचे, गाण्यांचे, खेळांचे आणि छपाईयंत्राचे मदतनीस तेथे ‘डिसेबल’ करावेत. त्यामुळे प्रोग्राम नष्ट होत नाही, फक्त बोलावल्याशिवाय येत नाही. विषाणूरोधक आणि टचपॅड यांच्याशी संबंधित नोंदींना हात लावू नये.

तिसरा उपाय जागेचा. डिस्क काठोकाठ भरली की प्रणालीला तात्पुरत्या फाइली ठेवण्यास जागा उरत नाही. साधारण पंधरा ते वीस टक्के जागा मोकळी असावी. ‘सेटिंग्ज’मधील ‘सिस्टिम’ आणि त्यातील ‘स्टोरेज’ येथे कशाने किती जागा व्यापली आहे ते दिसते. तात्पुरत्या फाइली तेथूनच काढता येतात. ‘डाउनलोड्स’ पुसण्यापूर्वी मात्र त्यात कोणाचे गुणपत्रक अथवा जातीचा दाखला नाही ना, हे अवश्य पाहावे.

चौथा उपाय ब्राउझरचा. उघडे ठेवलेले प्रत्येक टॅब मेमरी व्यापते, आणि जोडलेली विस्तारकेही. चार जीबी रॅमच्या यंत्रावर वीस टॅब उघडे ठेवणे म्हणजे एका बाकावर वीस मुले बसवणे. तसेच दोन विषाणूरोधक प्रोग्राम एकाच वेळी ठेवू नयेत. ते एकमेकांच्या कामात अडथळा आणतात. विंडोजमध्ये मुळातच असलेला ‘डिफेंडर’ सामान्य वापरास पुरेसा आहे.

धूळ आणि उष्णता

प्रोसेसर ठरावीक मर्यादेपलीकडे तापला की तो स्वतःचा वेग आपणहून कमी करतो. अनेक प्रोसेसरांत ही मर्यादा शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास असते. जळून जाण्यापेक्षा हळू चालावे, अशी ती योजना असते. त्यामुळे पंख्याच्या जाळीत धूळ साचलेला लॅपटॉप सकाळी बरा चालतो आणि दुपारी रेंगाळतो. गादीवर किंवा उशीवर ठेवलेल्या लॅपटॉपची हवा येण्याची वाट बंद होते, म्हणून तो नेहमी सपाट, कठीण पृष्ठभागावर ठेवावा. जाळी साफ करताना यंत्र बंद करून चार्जर काढावा, बॅटरी निघत असेल तर तीही काढावी, आणि हवेच्या झोताने पंखा भरधाव फिरू नये म्हणून त्याचे पाते काडीने धरून ठेवावे. तळ उघडावा लागत असेल, तर जाणत्या माणसाची मदत घ्यावी.

जेथे थोडा खर्च सार्थकी लागतो

जुन्या लॅपटॉपमध्ये बहुधा फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असते. ती मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्याला सुमारे अकरा मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती तबकडीच्या ज्या भागावर आहे, तो भाग फिरत सुईखाली येईपर्यंत यंत्राला थांबावे लागते. विंडोज सुरू होताना हजारो लहान फाइली वाचाव्या लागतात आणि प्रत्येक वेळी ही प्रतीक्षा होते. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसतो. तेथे तेच काम साधारण एक दशांश मिलिसेकंदात होते. म्हणून हार्ड डिस्कच्या जागी साधी साटा एसएसडी बसवली, तरी चालू होण्यास कित्येक मिनिटे घेणारा लॅपटॉप मिनिटभराच्या आत कामाला लागू शकतो. जुन्या यंत्रावर एकच खर्च करायचा असेल, तर बहुधा तो हाच असावा.

त्यानंतर रॅम. ती भरली की प्रणाली मेमरीतील काही मजकूर डिस्कवर हलवते. रॅमला लागणारा वेळ नॅनोसेकंदांत मोजला जातो, तर फिरत्या डिस्कला लागणारा मिलिसेकंदांत. दोहोंतला फरक लाखपटीच्या घरातला आहे. चार जीबीऐवजी आठ जीबी रॅम केली की ही ने-आण पुष्कळ थांबते. खरेदीपूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात. डीडीआर ३ आणि डीडीआर ४ या रॅम एकमेकींच्या जागी बसत नाहीत. काही पातळ लॅपटॉपांत रॅम अथवा साठवणूक मुख्य पट्टीवरच जोडलेली असते, ती बदलता येत नाही. आणि विंडोजची ३२ बिटची आवृत्ती असेल, तर तिला चार जीबीपलीकडची मेमरी वापरता येत नाही.

डिस्क बदलण्यापूर्वी सर्व माहितीची प्रत दुसरीकडे ठेवावी. डिस्कमधून ‘टक् टक्’ असा आवाज येत असेल, तर वेगाचा विचार बाजूला ठेवून आधी हेच करावे. तो आवाज डिस्क लवकरच दगा देणार, याची सूचना असू शकते.

प्रणाली बदलण्याचा मार्ग

१४ ऑक्टोबर ही तारीख आपल्याला १९५६ च्या नागपूर येथील धम्मदीक्षेमुळे स्मरणात आहे. योगायोग असा की विंडोज १० चा नियमित आधार २०२५ साली याच तारखेला संपला. विंडोज ११ ला किमान चार जीबी रॅम, ६४ जीबी साठवणूक आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते. शिवाय अनेक जुने प्रोसेसर तिच्या यादीत नाहीत. म्हणून धडधाकट लॅपटॉपही बाद ठरवले जात आहेत.

त्यांच्यासाठी लिनक्सचा मार्ग खुला आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या या कामाला जगभरातील असंख्य लोकांनी हातभार लावला आणि ते सर्वांना मोफत उपलब्ध आहे. लिनक्स मिंटची ‘एक्सएफसीई’ आवृत्ती दोन जीबी रॅमवरही चालते. चार जीबी असल्यास अधिक बरे. देवनागरी टंकलेखन, लिबरऑफिस, ब्राउझर हे सर्व तेथे आहे. शिवाय ती पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येते. स्थापित करीपर्यंत मूळ डिस्कला धक्का लागत नाही. ‘एहिपस्सिको’, म्हणजे या आणि पाहा, हा धम्माचा गुण या सोयीलाही शोभतो.

फसव्या उपायांपासून सावध

केसपुत्त येथील कालामांना तथागतांनी सांगितले की ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा सांगणारा मोठा आहे, एवढ्यावरून काही मानू नका. ‘एका क्लिकमध्ये दसपट वेग’ असे सांगणारे मोफत प्रोग्राम याच कसोटीवर पारखावेत. त्यांपैकी कित्येक स्वतःच पार्श्वभूमीत चालत राहून वेग कमी करतात, नसलेले दोष दाखवून पैसे मागतात, प्रसंगी माहितीही चोरतात. वर सांगितलेली साधने विंडोजमध्येच आहेत. प्रत्येक बदल एकेकटा करावा, आधीचा आणि नंतरचा वेळ घड्याळ लावून मोजावा आणि वहीत नोंदवावा. ज्याने फरक पडला तो उपाय खरा. मुलांनी हे स्वतः केले, तर संगणक कक्षातच त्यांना विज्ञानाचा पाठ मिळेल.

अखेरची फडकी

काही यंत्रे मात्र खरोखरच संपलेली असतात. फुगलेली बॅटरी दिसली, तर तो लॅपटॉप त्वरित बंद करावा, चार्ज करू नये, टोचू नये. मुख्य पट्टी गेलेल्या लॅपटॉपची रॅम दुसऱ्या जुळत्या लॅपटॉपला, एसएसडी तिसऱ्याला, चार्जर चौथ्याला द्यावा. दात्याची खासगी माहिती असलेली डिस्क पूर्ण पुसल्याशिवाय कोणाच्या हाती देऊ नये. दान देणाऱ्याच्या विश्वासाचे रक्षण हाही शीलाचाच भाग आहे. उरलेला सांगाडा ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ नुसार नोंदणीकृत पुनर्वापरकर्त्याकडेच जावा, भंगाराच्या ढिगात जाळला जाऊ नये.

उदेन राजाने आणखी पाचशे वस्त्रे दिली, कारण पहिल्या पाचशेतील एकही धागा वाया जाणार नाही अशी त्याची खात्री पटली होती. आपल्या दात्यांनाही तशी खात्री वाटावी. कपाटातला लॅपटॉप बाहेर काढावा, तीन कळा दाबाव्यात आणि तीन आकडे वाचावेत. पस्तीस मिनिटांच्या तासिकेतील पस्तीसही मिनिटे मुलांच्या हाती येण्याची सुरुवात तेथून होते.