डोंगरवाटेवरची सायकल : वाट टिकली, तरच प्रवास

पुणे हे एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. गिरणी-कारखान्यांत जाणारा कामगार, महाविद्यालयीन विद्यार्थी आणि दूधवाला या सर्वांचे ते वाहन होते. आज रस्त्यांवरून ती सायकल जवळपास हद्दपार झाली आहे. मात्र रविवारी पहाटे बोपदेव घाटाच्या पायथ्याशी उभे राहिले, तर तिचे वेगळेच रूप दिसते. रुंद टायर, पुढच्या चाकाला धक्के पचवणारे सस्पेन्शन आणि डिस्कब्रेक असलेली ही सायकल घाटमाथ्यावर पोहोचताच डांबरी सडक सोडते आणि गुराख्यांच्या पायवाटेला लागते.

डोंगरवाटांवर सायकल चालवण्याचा हा छंद अमेरिकेतून आला. कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात माऊंट टॅमल्पायसच्या उतारांवर काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन उतरू लागले. १९७६ मध्ये तेथे उताराच्या शर्यती सुरू झाल्या. १९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी केवळ या कामासाठी सायकलीचा सांगाडा बनवला. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये या खेळाचा समावेश झाला. 'माउंटन बायकिंग' या नावामुळे त्यासाठी उत्तुंग पर्वतच हवेत, असा समज होतो. प्रत्यक्षात या खेळाला सर्वाधिक मानवतात त्या बुटक्या टेकड्या आणि त्यांच्यामधली नद्यांची खोरी.

कडे नकोत, सोंडा हव्यात

याचे कारण सह्याद्रीच्या घडणीत सापडते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचले आणि दख्खनचे पठार तयार झाले. कठीण थर झिजताना उभा तुटला. त्याचा कडा झाला. मऊ थराचा उतार झाला, तर कठीण थराच्या सपाट माथ्यावर माळ किंवा माची उरली. म्हणूनच सह्याद्रीचा डोंगर दुरून पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. घाटमाथ्याच्या पश्चिम कडेला या पायऱ्या इतक्या उंच आहेत की तेथे सायकल खांद्यावरच घ्यावी लागते. नाणेघाटासारखी वाट पायी उतरण्याची, चाकांची नव्हे.

पूर्वेकडे मात्र चित्र बदलते. सह्याद्रीच्या मुख्य रांगेतून फुटलेले फाटे पूर्वेला जाता जाता ठेंगणे होतात. दोन फाट्यांच्या मध्ये एक नदी वाहते आणि तिचे खोरे तयार होते. मुठा खोरे, मोसे खोरे, कानद खोरे, वेळवंड खोरे, रोहिड खोरे ही शिवकाळापासूनची नावे मुळात नद्यांच्या आणि डोंगररांगांच्या या रचनेवरूनच पडलेली आहेत. गावे नदीकाठी, शेते उताराच्या पायथ्याशी आणि गुरांचे रान वर सोंडेवर, अशी येथील वस्तीची मांडणी आहे. गुरे चढताना थेट चढत नाहीत. उताराला आडवी, वळसे घेत जातात. त्यांच्या खुरांनी शेकडो वर्षांत पाडलेल्या वाटा सायकलीच्या चाकाला नेमक्या जुळतात.

कऱ्हेच्या खोऱ्यात

पुण्याच्या दक्षिणेस असलेली भुलेश्वर रांग हे याचे उत्तम उदाहरण. सिंहगडापासून पूर्वेकडे कात्रज, बोपदेव आणि दिवे हे घाट ओलांडत ही रांग भुलेश्वरापर्यंत जाते. तिच्या उत्तरेला मुळा-मुठेचे खोरे आहे आणि दक्षिणेला कऱ्हा नदीचे. सासवड पुण्यापेक्षा सुमारे दोनशे मीटर उंचावर असल्याने ही रांग पुण्याच्या बाजूने उभी, तर सासवडच्या बाजूने लवती आहे. सायकलस्वाराला हवा असतो तो हाच लवता उतार.

बोपदेव घाटाच्या माथ्यावरून कानिफनाथाच्या डोंगराच्या कडेने, माळावरून झेंडेवाडीकडे आणि तेथून मल्हारगडाच्या पायथ्याशी जाता येते. पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार पानसे यांनी १७५७ ते १७६० या काळात हा गड बांधला. महाराष्ट्रात सर्वांत शेवटी बांधलेला किल्ला म्हणून तो ओळखला जातो. गडाखाली सोनोरी गाव आहे. तेथून अंजीर आणि सीताफळांच्या बागांमधून जाणाऱ्या पाणंदीने सासवड गाठता येते. गराड्याजवळ उगम पावणारी कऱ्हा येथून जेजुरी, मोरगाव करीत पुढे नीरेला मिळते. पावसाळा सरल्यावर तिचे पात्र बहुतेक ठिकाणी कोरडे किंवा उथळ असते. नदीकाठची गाडीवाट हा या फेरीतला सर्वांत निवांत टप्पा. परतीसाठी दिवे घाट मात्र टाळलेला बरा. तेथील अवजड वाहतूक सायकलीला जागा देत नाही.

पश्चिमेकडचे पवन मावळ याहून निराळे. कामशेतहून पवनानगरला पोहोचल्यावर धरणाच्या जलाशयाभोवती तिकोना आणि तुंग हे किल्ले दिसू लागतात. उन्हाळ्यात पाणी उतरले की काठाची रुंद पट्टी उघडी पडते आणि तिच्यावर गुरांच्या वाटा उमटतात. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. वरून वाळलेला दिसणारा गाळ आत ओला असतो. चाक रुतले, तर सायकलस्वार पुढे फेकला जातो.

हवा, दात आणि काटा

अशा वाटांवर सायकलीचे तंत्र वेगळे असते. सडकेवरच्या अरुंद टायरमध्ये हवा गच्च भरतात. डोंगरवाटेवरच्या रुंद टायरमध्ये ती साधारण तिच्या निम्म्याहूनही कमी ठेवतात. टायर थोडा दबला की त्याचा जमिनीशी संपर्क वाढतो आणि सुट्या मुरमावर पकड येते. चढावर पुढच्या लहान दात्यावर आणि मागच्या मोठ्या दात्यावर साखळी आणली, की पाय हलका पडतो. मात्र अंगाचा भार पुढे झुकवावा लागतो, अन्यथा पुढचे चाक उचलते. उतारावर उलटे. अंग मागे घ्यायचे आणि दोन्ही ब्रेक हळूहळू दाबायचे. घसाऱ्यावर पुढचा ब्रेक एकदम दाबला, की अपघात ठरलेलाच.

पुण्याच्या पूर्वेकडील माळांवर खरा शत्रू वेगळाच आहे. बाभळीचा काटा आणि सराटा यांच्यापुढे उत्तम टायरही टिकत नाही. जादा ट्यूब, पंक्चरचे साहित्य आणि पंप यांच्याशिवाय या वाटेला जाऊ नये. मोबाइलला सर्वत्र संपर्क मिळेलच असे नाही. त्यामुळे एकट्याने न जाणे आणि घरी मार्ग सांगून निघणे हेच शहाणपणाचे.

वाट कशी मरते?

डोंगरवाटेचा खरा वैरी चाक नव्हे, पाणी होय. वाट उताराला सरळ उभी असेल, तर पावसाचे पाणी तिच्यातून ओढ्यासारखे धावते. पहिल्या वर्षी बोटभर, पुढच्या वर्षी वीतभर अशी चर पडते. मग चालणारे आणि सायकलवाले तिच्या शेजारून नवी वाट पाडतात. काही वर्षांत एका वाटेच्या चार होतात आणि त्यांच्यामधले गवत नाहीसे होते.

यावर जगभरात एक साधा नियम पाळला जातो. वाटेचा चढ हा डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून कमी असावा आणि सरासरीने दहा टक्क्यांपुढे, म्हणजे शंभर मीटर चालीला दहा मीटर चढ याच्या पुढे, जाऊ नये. शिवाय थोड्या थोड्या अंतरावर वाटेला छोटी खोलगट लहर द्यावी, म्हणजे पाणी तेथून बाहेर पडते. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला हे तत्त्व नवे नाही. पाणलोटाच्या कामात डोंगरउतारावर सलग समतल चर खोदतात, ते याच हेतूने. धावणारे पाणी अडले, की माती वाचते. हेच चर वेगाने उतरणाऱ्या सायकलीला मात्र घातक ठरू शकतात. अनोळखी उतार आधी चढून पाहावा आणि मगच उतरावा, हे त्यामुळेच सांगितले जाते.

सायकलींमुळे टेकड्या झिजतात, ही पायी फिरणाऱ्यांची तक्रार असते. तिच्यात तथ्य किती? अमेरिकेतील माँटाना राज्यात झालेल्या आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात घोड्यांचे खूर आणि माणसांची पावले यांनी सुटी होणारी माती चाकांपेक्षा अधिक आढळली. मात्र त्यातून सायकलस्वाराला मोकळीक मिळत नाही. मागचे चाक लॉक करून घसटत उतरल्यास वाटेत खाच पडते. पावसाळ्यात ओल्या काळ्या मातीत गेलेल्या चाकाचा माग उन्हाने घट्ट होतो आणि पुढच्या पावसात पाण्याची पन्हळ बनतो. म्हणूनच जूनपासून सप्टेंबरपर्यंत मातीच्या वाटांना विश्रांती देणे आणि ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात त्या वापरणे योग्य ठरते.

वाट कोणाची?

माती वाचवली तरी दुसरा प्रश्न उरतोच. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६८ च्या कायद्याने घोडेवाटांवर सायकलींना मुभा मिळाली. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने जबाबदारीने फिरणाऱ्यांना बहुतेक मोकळ्या जमिनीवर प्रवेशाचा हक्क दिला. आपल्याकडे असा हक्क नाही. शेताला जाण्याच्या वहिवाटीचा वाद तहसीलदारापुढे नेता येतो. पण तो हक्क शेतकऱ्याचा, फिरायला आलेल्या शहरवासीयाचा नव्हे. डोंगरावरची जमीन कोठे वनखात्याची, कोठे गायरान, कोठे देवस्थानाची, तर कोठे खासगी असते. राखीव वनात परवानगीशिवाय शिरणे हा १९२७ च्या भारतीय वन कायद्यानुसार गुन्हा ठरू शकतो. थोडक्यात, आजवरच्या या फेऱ्या गावकऱ्यांच्या सौजन्यावर चालल्या आहेत.

हे सौजन्य गृहीत धरता येत नाही. उभ्या पिकातून गेलेले एक चाक किंवा गुरांसाठी लावलेले आणि नंतर उघडेच टाकलेले एक फाटक सगळ्या वाटेवर बंदी आणू शकते. रांगेच्या पूर्वेकडील माळ हे लांडगा, खोकड आणि तरस यांचे घर आहे. टिटवी आणि चंडोल उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. 'पडीक जमीन' म्हणून ज्याकडे पाहिले जाते, ते गवताळ रान धनगरांच्या मेंढ्यांना आणि या प्राण्यांना जगवते. वाट सोडून माळावर कोठेही सायकल हाकणे म्हणूनच अपराध मानले पाहिजे.

त्याहून मोठे संकट चाकांचे नाही. शहर वाढले, तसे टेकड्यांच्या पायथ्याशी प्लॉट पडले आणि तारांची कुंपणे आली. कालपर्यंतची पाणंद एका सकाळी बंद झालेली आढळते. पुणे महापालिकेत १९९७ मध्ये आलेल्या २३ गावांतील टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण आहे. राज्य शासनाने त्याला २०१५ मध्ये मान्यता दिली. कागदावरचे आरक्षण जमिनीवर टिकवायचे, तर त्या टेकडीवर रोज पाऊल टाकणारी माणसे लागतात. कोठे मुरूम उपसला गेला, कोठे वणवा लागला, कोठे नवे कुंपण आले, हे त्यांनाच आधी दिसते.

डोंगरवाटांवरचा सायकलस्वार अशा माणसांपैकी एक होऊ शकतो. त्यासाठी त्याने गुराख्याला आधी वाट द्यावी, चढणाऱ्यासाठी उतरताना थांबावे, पाणी गावातून विकत घ्यावे आणि कचरा परत न्यावा. पावसाळ्यानंतर एखादा रविवार फावडे घेऊन चर बुजवण्यात घालवला, तर अधिकच चांगले. गुरांनी पाडलेल्या आणि माणसांनी वहिवाटलेल्या या वाटा शहराला फुकट मिळाल्या आहेत. एकदा त्या कुंपणाआड गेल्या, की कितीही महाग सायकल घेतली तरी परत मिळणाऱ्या नाहीत.