बंपरमागची नजर

अपघातानंतर गाडी गॅरेजमधून परत आली की आपण पत्र्यावरून हात फिरवतो, रंग जुळला का ते उन्हात पाहतो आणि पैसे देतो. आजवर एवढी पारख पुरत असे. पण २०२१ साली आलेल्या महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० सारख्या गाड्यांना आता नजर असते. आरशामागे, पुढच्या काचेशी बसवलेला कॅमेरा मार्गिकेचे पट्टे वाचतो. बंपर किंवा जाळीमागचे रडार पुढच्या वाहनाचे अंतर आणि वेग मोजते. प्रसंगी गाडी स्वतःच ब्रेक लावते. म्हणून बंपर काढला किंवा काच बदलली, की ही नजर पुन्हा सरळ करावी लागते. शास्त्रात त्याला अंशशोधन म्हणतात, गॅरेजात कॅलिब्रेशन.

त्याची गरज मला शाळेतल्या त्रिकोणमितीने पटली. रडार एका अंशाने तिरके बसले, तर १०० मीटरवर त्याचा नेम सुमारे १.७५ मीटरने चुकतो. आपल्या महामार्गावरची मार्गिका साधारण ३.५ मीटर रुंद. म्हणजे चूक अर्ध्या मार्गिकेची. शेजारून जाणारा ट्रक समोर आहे असे गाडीला वाटू शकते, आणि समोरचा शेजारी. रंगाचेही तसेच. या रडारच्या ७७ गिगाहर्ट्झच्या लहरींची लांबी जेमतेम ४ मिलिमीटर. रडारसमोर भरलेली पुट्टी किंवा धातुकण असलेल्या रंगाचे जादा थर त्या लहरी क्षीण करतात, वळवतात.

अंशशोधनाआधी टायरमधली हवा आणि चाकांची अलाइनमेंट तपासतात. मग समतल जमिनीवर, कंपनीने सांगितलेल्या अंतरावर आणि उंचीवर खास फलक उभा करतात. त्यासाठीची रेषा बोधचिन्हावरून ठरवून भागत नाही. मागची चाके गाडीला ज्या दिशेने ढकलतात, ती पाहावी लागते. काही गाड्या ठळक पट्ट्यांच्या रस्त्यावर ठरावीक वेगाने चालवून पाहाव्या लागतात.

इशाऱ्याचा दिवा लागला नाही म्हणजे सारे ठीक, असे नव्हे. थोडे तिरके झालेले रडार बिनतक्रार चालत राहू शकते. म्हणून विम्याच्या अंदाजपत्रकात हा खर्च आधीच लिहून घ्यावा आणि गाडी ताब्यात घेताना अंशशोधनाचा अहवाल मागावा. पत्रा पूर्ववत करणाऱ्या कारागिराच्या हाताबद्दल मला आदर आहे. पण एक अंश हाताला लागत नाही. तो मोजावाच लागतो.