उसनी तरतरी

मेफेन्टरमिन हे भूलतज्ज्ञाच्या ट्रेमधले औषध. सिझेरियनसाठी पाठीच्या कण्यात भूल दिल्यावर बाईचा रक्तदाब कधी कधी झपाट्याने उतरतो. अशा वेळी हे औषध शिरेतून देतात. नसांच्या टोकांशी साठलेले नॉरएड्रिनॅलिन ते बाहेर ढकलते आणि दाब वर चढतो. रचनेने ते अ‍ॅम्फेटामिनच्या कुळातले असल्याने थकवा, भूक आणि झोपही दडपते. हीच 10 मिलिलिटरची बाटली गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातल्या व्यायामशाळांत पोचली आहे. पुण्यात पोलिसांनी तिचे साठे वेळोवेळी पकडले. पोरांच्या तोंडी तिचे नाव ‘टर्मिन’. बाटलीत सुमारे 300 मिलिग्रॅम औषध असते, तर शस्त्रक्रियेत एका वेळी त्यातला थोडाच भाग लागतो.

नवल म्हणजे, एकाग्रतेच्या विकारासाठी मुलांना देतात त्या मेथिलफेनिडेटवर याहून कडक पहारा आहे. ते औषध नियमांच्या ‘शेड्यूल एक्स’मध्ये येते. चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि दुकानदाराला एक प्रत दोन वर्षे जपावी लागते. मेफेन्टरमिन ‘शेड्यूल एच’मध्ये. चिठ्ठी इथेही सक्तीची, पण दुसऱ्या प्रतीची भानगड नाही.

या औषधांनी ताकद वाढत नाही, थकव्याची सूचना तेवढी बंद होते. नसांतला साठा रिकामा होत गेला की तेवढ्याच तरतरीसाठी जास्त मात्रा लागते. हा मोह व्यायामशाळेपुरता नाही. महाराष्ट्र-गुजरात सीमेवर, तलासरी तालुक्यातल्या अच्छाडच्या नाक्यावरून राष्ट्रीय महामार्ग 48 चे ट्रक रात्रभर जात-येत असतात. अशा जागरणाच्या धंद्यांना उत्तेजक गोळ्यांची भुरळ जगभर पडत आली आहे. पण झोप पुढे ढकलता येते, बुडवता येत नाही. औषध उतरते तेव्हा डुलकी स्टीअरिंगवरच लागते.

व्यसन ओळखायचे ते चढलेल्या माणसावरून कमी, उतरलेल्यावरून जास्त. दोन दिवस डोळा न लागलेला, चिडचिडा, विस्फारलेल्या बाहुल्यांचा मुलगा अचानक चौदा-चौदा तास झोपतो, उठून अधाशासारखा खातो आणि मग उदास होऊन बसतो. रविवारी व्यायामशाळा बंद असते, तरीही बाटली लागते. दंडावर सुयांच्या खुणा असल्याने घरातही लांब बाह्यांचा शर्ट. पुढे छातीत धडधड, वाढलेला दाब आणि ‘सगळे माझ्याविषयी बोलतात’ असा संशय. मनोविकारतज्ज्ञ 11 लक्षणे तपासतात. 12 महिन्यांत त्यांतली दोन आढळली तरी निदान होते, सहा किंवा अधिक असली की आजार तीव्र. मात्र डॉक्टरांनी दिलेले औषध सांगितल्याप्रमाणेच घेणाऱ्याला नुसती सवय होणे किंवा बंद केल्यावर त्रास होणे यात मोजत नाहीत. एकाग्रतेचे औषध घेणाऱ्या मुलाच्या आईने म्हणूनच धास्ती घेऊन गोळ्या परस्पर थांबवू नयेत.

दारू किंवा अफूच्या व्यसनासाठी औषधे आहेत. उत्तेजकांचे व्यसन सोडवणारे मान्यताप्राप्त औषध अजून नाही. उपचाराचा भार समुपदेशनावर असतो. सर्वांत चांगला अनुभव एका साध्या पद्धतीचा आहे: लघवीची तपासणी स्वच्छ आली की लगेच छोटे बक्षीस. त्याआधी इसीजी आणि रक्तदाब पाहतात. सुई वाटून घेतलेली असेल तर हेपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीची तपासणी करतात. भ्रम असतील तर त्यांवर औषध देतात. सोडल्यानंतरचे पहिले काही दिवस घरच्यांना बरे वाटतात, कारण रुग्ण नुसता झोपतो. खरे तर आत्महत्येचे विचार याच काळात येतात, त्यामुळे त्याला एकटे ठेवत नाहीत.

अच्छाडहून उपचाराची पहिली दारे म्हणजे तलासरीचे ग्रामीण रुग्णालय आणि डहाणूचे उपजिल्हा रुग्णालय. पुढे ठाण्याचे मनोरुग्णालय. पुण्यात 1986 पासून ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीतून मोफत बोलता येते.

अशा रुग्णावर पुढे शस्त्रक्रिया ठरली, तर इंजेक्शनची गोष्ट भूलतज्ज्ञाला आधी सांगावी लागते. टेबलावर त्याचा दाब उतरला आणि नेहमीप्रमाणे मेफेन्टरमिन दिले, तर ते लागू पडेलच असे नाही. बाहेर ढकलायला नसांत साठाच उरलेला नसतो. मग थेट रक्तवाहिन्या आवळणारे दुसरे औषध हाताशी भरून ठेवावे लागते.