पांडुरंग सांगवीकरचे मिटलेपण : ‘कोसला’तील दुःखस्मृती आणि नातेसंबंध

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ ही कादंबरी १९६३ मध्ये प्रसिद्ध झाली. तेव्हापासून तिच्या नायकाला मराठी समीक्षेने अनेक विशेषणे बहाल केली आहेत. परात्म, बंडखोर, अस्तित्ववादी, निरर्थकतेच्या जाणिवेने ग्रासलेला ही त्यांपैकी काही. पदव्युत्तर वर्गात ती आता इतकी रुळली आहेत की, विद्यार्थ्याला कादंबरीच्या आधी विशेषणे भेटतात आणि पुष्कळदा कादंबरी भेटतच नाही. ही विशेषणे सर्वस्वी चुकीची आहेत असे नव्हे. परंतु त्यांच्यामुळे पांडुरंगच्या मिटलेपणाला एका विचारसरणीचे रूप येते. एक तरुण आपल्याच घरापासून, मित्रांपासून आणि वाचकापासूनही हातचे राखून का वागतो, हा साधा प्रश्न मग मागे पडतो. या प्रश्नाचे उत्तर तत्त्वज्ञानापेक्षा कादंबरीतील एका मृत्यूजवळ आणि त्या मृत्यूविषयी बोलण्याच्या रीतीजवळ शोधणे अधिक फलदायी ठरेल.

कोसला म्हणजे रेशमाच्या किड्याचा कोश. हा कोश बाहेरून कोणी घातलेला नसतो. किडा स्वतःच्या लाळेचा धागा स्वतःभोवती गुंडाळत राहतो आणि त्यातच बंद होतो. रेशीम हवे असलेला माणूस बहुधा आतल्या जिवासकट कोश उष्णतेत घालतो, कारण पतंग बाहेर पडला की धागा तुटतो. संरक्षण आणि कोंडमारा एकाच धाग्याचे असतात, एवढा अर्थ शीर्षकातून घेता येतो. पांडुरंगच्या बाबतीत हा धागा कशाचा आहे, हे मात्र पाहावे लागते. तो भाषेचा आहे.

पांडुरंग हा खानदेशातील सांगवी या खेड्यातल्या सुस्थितीतील शेतकऱ्याचा मुलगा. शिक्षणासाठी तो पुण्याला जातो, वसतिगृहात राहतो, मंडळे आणि खाणावळ चालवण्याची उठाठेव करतो, पैसा उधळतो, परीक्षेत फसतो आणि अखेर गावी परततो. नेमाडे यांचा जन्मही १९३८ साली यावल तालुक्यातील सांगवीचा आणि त्यांचे शिक्षणही पुण्याचे. त्यामुळे कादंबरी आत्मचरित्रासारखी वाचण्याचा मोह होतो. तो येथे टाळलेला बरा. लेखकाच्या चरित्रातून पांडुरंगच्या आवाजाचा उलगडा होत नाही.

या आवाजासंबंधी एक गोष्ट वाचकाच्या ध्यानातून सहज निसटते. कादंबरीचा निवेदक पंचवीस वर्षांचा पांडुरंग आहे आणि तो घडून गेलेल्या गोष्टी सांगत आहे. वसतिगृहातील गमती, वडिलांच्या पैशावरची चैन, वक्तृत्वमंडळातील राजकारण हे सारे तो सांगू लागतो तेव्हा त्याची धाकटी बहीण मनी या जगात नाही. घटनांच्या क्रमात तिचा मृत्यू कादंबरीच्या बऱ्याच पुढच्या भागात येतो. सांगणाऱ्याच्या मनात मात्र तो पहिल्या पानापासून आहे. वाचकाला सुरुवातीला जी थट्टेखोर, बेफिकीर वाटणारी भाषा भेटते, ती दुःखापूर्वीची निरागस भाषा नसून दुःखानंतरची भाषा आहे. घटितकाळ आणि निवेदनकाळ यांतील हे अंतर लक्षात घेतले नाही, तर प्रारंभीचा विनोद केवळ महाविद्यालयीन खोडकरपणा ठरतो. दुसऱ्या वाचनात तोच विनोद वेगळा ऐकू येतो.

‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ या पांडुरंगच्या दोन लकबी प्रसिद्धच आहेत. कादंबरी गाजल्यानंतर महाविद्यालयीन तरुणांनी त्यांचे मनसोक्त अनुकरण केले आणि आजही वसतिगृहांतून ते अधूनमधून ऐकू येते. या शब्दांचे काम बारकाईने पाहण्यासारखे आहे. ‘उदाहरणार्थ’ म्हटले की पुढे येणारी गोष्ट स्वतःची राहत नाही, ती अनेकांतील एक नमुना होते. स्वतःचे वय, स्वतःचे घर, स्वतःचा बाप यांचा उल्लेखही नमुन्यादाखल करणारा माणूस त्या गोष्टींची मालकी नाकारत असतो. ‘वगैरे’ने याच्या उलट बाजूचे काम होते. वाक्य जेथे भावनेच्या जवळ पोहोचते, नेमके तेथे ते मोडले जाते आणि उरलेले ऐकणाऱ्याच्या अंदाजावर सोडले जाते. एक शब्द वाक्याच्या दाराशी उभा आहे, दुसरा मागच्या दाराशी. पांडुरंगशी बोलणाऱ्या कोणालाही आत येऊ न देण्याची ही व्यवस्था आहे आणि तिची कमाल अशी की, ती मोकळ्या गप्पांसारखी भासते. अबोल माणूस निदान अबोल म्हणून ओळखता येतो. पांडुरंग सतत बोलतो.

मनीच्या मृत्यूच्या भागात ही व्यवस्था कोलमडते. तेथील भाषेचा पोत बदलतो. थट्टा आणि उपरोध असूनही ते आता कोणाला हसवण्यासाठी नाहीत. एका लहान मुलीबरोबर तिचे इवलेसे गर्भाशय गेले आणि त्याच्यासोबत पुढच्या पिढ्यांची न उगवलेली वेलही गेली, अशा आशयाचा जो विचार तेथे येतो, तो मराठी गद्यातील शोकाच्या अत्यंत धारदार क्षणांपैकी एक म्हणावा लागेल. या विचारात सांत्वन शोधण्याची धडपड आहे. ती जगली असती तर तिला आणि तिच्या पोटच्यांना जे भोगावे लागले असते ते टळले, असा हा हिशेब आहे. शोक करण्याऐवजी भाऊ हिशेब मांडतो आणि तो हिशेबच शोक होऊन बसतो. पण या भागातही दुःख कोणा माणसासमोर उघडे होत नाही. आई, वडील, आजी, उरलेल्या बहिणी यांपैकी कोणाच्या गळ्यात पडून पांडुरंग रडला असे चित्र कादंबरी देत नाही. एकाच घरातील माणसे एकाच मृत्यूने वेगवेगळी पडतात.

याच खानदेशातील बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांची आठवण येथे अप्रस्तुत ठरू नये. असोद्याला जन्मलेल्या आणि जळगावला नांदलेल्या या निरक्षर शेतकरी स्त्रीला तरुण वयात वैधव्य आले. ते दुःख त्यांनी आपल्या बोलीतील गाण्यांतून बोलून दाखविले, आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ या संग्रहातून ती गाणी महाराष्ट्रापुढे आली. जाते, ओवी, शेतातील काम, शेजारणींची सोबत हे सारे त्या बोलण्याला आधार देणारे होते. ऐकणारे हुंकार देत होते. पांडुरंग त्याच मातीतला आहे, परंतु त्या परंपरेचा वारस नाही. एक तर तो पुरुष आहे आणि घरचा एकुलता मुलगा म्हणून त्याच्याकडून कर्तबगारीची अपेक्षा आहे, रडण्याची नाही. दुसरे म्हणजे तो शिकायला पुण्याला गेला आहे. पुण्याने त्याला वक्तृत्व दिले, वादविवाद दिले, इंग्रजी पुस्तके दिली, पण विलापाची भाषा दिली नाही, आणि सांगवीत ती होती तेव्हा ती बायकांकडे होती. त्याचे मिटलेपण हा केवळ स्वभावदोष मानला, तर या सांस्कृतिक तुटीकडे दुर्लक्ष होते. ‘वगैरे’च्या पुढे जे बोलायचे आहे त्याला रूपच उपलब्ध नाही.

या पार्श्वभूमीवर वडिलांशी असलेले नाते पुन्हा वाचता येते. या नात्यातील ताण मनीच्या मृत्यूने निर्माण केलेला नाही, हे आधीच नोंदविले पाहिजे. वडिलांचा दरारा, त्यांचे व्यवहारी शहाणपण, मुलाला आपल्या साच्यात घालण्याची त्यांची इच्छा आणि या सर्वांविरुद्ध पांडुरंगची चीड ही बालपणापासूनची आहे. वडिलांचा पैसा उधळणे हा त्याचा प्रतिकार आहे, नापास होणे हाही बहुधा तोच. बहिणीच्या मृत्यूने एवढेच होते की, जुन्या वैराला एक नवे, न बोलता येणारे कारण मिळते. येथे पांडुरंग अन्यायही करतो, कारण मूल गमावलेला बाप त्याला दिसत नाही. निवेदक आपल्या वडिलांचे दुःख जवळजवळ रिकामे सोडतो आणि ही रिकामी जागा समीक्षेनेही फारशी चाचपलेली नाही. पांडुरंगची बाजू घेणे सोपे असते. वाचक बहुतेक त्याच्याच वयाचे असतात.

सुरेश या मित्राशी असलेले नाते यापेक्षा निराळे आहे. दोघांत जवळीक आहे, पण ती खेळाच्या नियमांनी बांधलेली आहे. कल्पनेचे मनोरे, तर्काची टोके, कोणत्याही गंभीर गोष्टीची खिल्ली असे त्या खेळाचे स्वरूप आहे. सुरेश सरळ विचारपूस करीत नाही आणि त्यामुळेच पांडुरंग त्याच्यासोबत टिकतो. अजिंठ्याच्या भागात या मैत्रीचा कस लागतो. लेणी पाहत असताना बोलणे बुद्धाकडे, दुःखाकडे, मृत्यूकडे वळते आणि घरच्या माणसांशी जे बोलता आले नाही ते शिल्पांच्या निमित्ताने बोलता येते. अजिंठा हे खानदेशी माणसाला दूरचे तीर्थ नाही. पाचोरा–जामनेर या अरुंद मार्गावरील पहूर हे एके काळी लेण्यांकडे जाणाऱ्यांचे स्थानक होते. सव्विसाव्या लेण्यातील महापरिनिर्वाणाच्या शिल्पात पहुडलेल्या बुद्धाच्या खाली शोक करणाऱ्या शिष्यांची रांग कोरलेली आहे. तेथे शोकाला दगडात का होईना, पण एक ठरलेली जागा आहे. सांगवीच्या घरात ती नाही.

दुखावलेला भूतकाळ आणि त्यामुळे राखून वागणारा नायक हे मराठी कादंबरीला ‘कोसला’पूर्वी अपरिचित नव्हते. विश्राम बेडेकर यांच्या ‘रणांगण’मधील (१९३९) चक्रधर विध्वंस हा उमाच्या प्रेमात पोळलेला आहे आणि जहाजावर भेटलेल्या हेर्टा या निर्वासित ज्यू तरुणीला तो मनापासून जवळ करू शकत नाही. मात्र चक्रधरला आपली जखम ठाऊक आहे, तो ती सांगतो आणि तिचा आधार घेऊन आपल्या वागण्याचे समर्थनही करतो. पांडुरंग असे समर्थन कधीच देत नाही. त्याच्या कथेत नायिकाही नाही, त्यामुळे दुखावलेपणाचे प्रणयरूप संभवत नाही.

जे. डी. सॅलिंजर यांच्या ‘द कॅचर इन द राय’ (१९५१) या कादंबरीशी ‘कोसला’ची तुलना अनेकदा झाली आहे. ती बहुतेक भाषेच्या बेफिकिरीपुरती राहते. वस्तुतः दोन्हीकडे एक मेलेले भावंड आहे. होल्डनचा धाकटा भाऊ ॲली रक्ताच्या कर्करोगाने गेला आहे. त्या रात्री होल्डनने गॅरेजच्या खिडक्या मुठीने फोडल्या. ॲलीचा कविता लिहिलेला बेसबॉलचा हातमोजा त्याने जपून ठेवला आहे आणि धीर सुटला की तो ॲलीशी मोठ्याने बोलतो. शिवाय त्याला फीबी ही लहान बहीण उरली आहे आणि शेवटी तीच त्याला थोपवून धरते. पांडुरंगच्या बाबतीत जी गेली तीच लहान बहीण होती. ॲली आणि फीबी यांच्या दोन भूमिका मनी या एकाच मुलीत होत्या, असे म्हटल्यास दोन कादंबऱ्यांच्या शेवटांतील फरक बराचसा स्पष्ट होतो.

‘कोसला’च्या शेवटी पांडुरंग गावात आहे. कामधंदा नसलेल्या, शिकून परतलेल्या, काही न शिकलेल्या माणसांत तो बसतो, त्यांच्या गोष्टी ऐकतो. या भागाला पराभव म्हणावे की स्वीकार, यावर मतभेद आहेत. दुसऱ्या एका बाजूनेही त्याकडे पाहता येते. पुण्यात पांडुरंगच्या भूतकाळाची कोणाला माहिती नव्हती, म्हणून तो राखता येत होता. सांगवीत तो सर्वांना ठाऊक आहे. या घरातली एक लहान मुलगी गेली हे पारावर बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे आणि त्याविषयी कोणी काही विचारत नाही. ज्या ठिकाणी काही लपवायचे उरलेले नाही, त्या ठिकाणी पांडुरंग माणसांत बसू शकतो. तरीही कथा सांगायला बसल्यावर तो पुन्हा ‘उदाहरणार्थ’पासूनच सुरुवात करतो, कारण या वेळी समोर गावकरी नसतात, मनी जिवंत होती हे ज्यांना ठाऊक नाही असे वाचक असतात.