वाफेची वाट अडवू नका

प्रेशर कुकरच्या शिटीवर वरवंटा ठेवून भात शिजविणारी गृहिणी आमच्या वाचकांपैकी कोणी पाहिली असेल, असे आम्हांस वाटत नाही. शिटी वाजली म्हणजे वाफ फुकट गेली, अशी तक्रार कोणतीही शहाणी बाई करीत नाही. उलट शिटी वाजेनाशी झाली, तर ती आधी शेगडी बंद करते. जे शहाणपण घरातील चार माणसांच्या कुकराजवळ आपण बाळगतो, ते कारखान्यातील चाळीस माणसांच्या बॉयलराजवळ पोचताच कोठे नाहीसे होते, हा प्रश्न वालीवच्या कारखानदारांस व त्यांच्याशी व्यवहार करणाऱ्या व्यापाऱ्यांस विचारणे आज प्राप्त आहे.

वसईच्या पूर्वेस मुंबई-अहमदाबाद महामार्गालगत वालीव, सातिवली, गोखिवरे या गावांत गाळ्यामागून गाळे उभे राहिले आहेत. त्यांपैकी पुष्कळांस वाफ लागते, पुष्कळांस दाबलेली हवा लागते. वाफ ही या मुलखास नवी नव्हे. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅकबेपर्यंत पहिली लोकल गाडी धावली, तेव्हाच ती वसईकरांच्या ओळखीची झाली. तिला कह्यात ठेवण्याची विद्या तर त्याहूनही जुनी आहे. दनी पापँ या फ्रेंच गृहस्थाने १६७९ साली हाडे शिजविण्याचे बंद भांडे लोकांपुढे मांडले, आणि ते फुटू नये म्हणून वजनाने दाबून धरलेली झडप पुढे त्यास बसविली. आजची सुरक्षा-झडप, म्हणजे बाजारात जिला सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणतात ती, हिची हीच आजी होय.

ही विद्या विसरल्याचे प्रायश्चित्त जगाने पुष्कळदा घेतले आहे. १८६३ साली कलकत्त्यास बॉयलर फुटून अनेक माणसे दगावली, तेव्हा १८६४ मध्ये बंगालात तपासणीचा कायदा झाला. अमेरिकेत ब्रॉक्टन येथील जोड्यांच्या कारखान्यात २० मार्च १९०५ रोजी बॉयलर फुटून ५८ माणसे मेली, तेव्हा तेथील राज्याने नियम केले. आमच्याकडे सर्व प्रांतांस मिळून एक कायदा १९२३ साली झाला, आणि त्याची जागा २०२५ च्या नव्या कायद्याने घेतली. प्रेते मोजून झाल्यावर कायदे लिहावयाचे, हा क्रम मनुष्यजातीस भूषणावह नाही.

बॉयलरात एवढे भयंकर असते तरी काय? दर चौरस सेंटिमीटरला १० किलो दाब असता पाणी १०० अंशांवर नव्हे, तर सुमारे १८४ अंशांवर उकळते. पत्रा फाटला की तो दाब एकाएकी नाहीसा होतो, आतील पाण्याच्या सुमारे सहाव्या हिश्शाची क्षणार्धात वाफ होते, आणि बाहेरच्या हवेत त्या वाफेस पाण्याच्या सोळाशेपटीहून अधिक जागा लागते. ती जागा ती भिंती पाडून मिळविते. हा प्रसंग टाळण्यासाठी माणसाच्या मर्जीवर अवलंबून न राहता आपण होऊन उघडणारी अखेरची वाट म्हणजे सुरक्षा-झडप.

परंतु तिची खरेदी कशी होते? दुकानात जाऊन ‘एक इंची व्हॉल्व्ह द्या, स्वस्तातला द्या’ एवढे म्हटले की संपले! नळाचा व्यास हे झडपेचे माप नव्हे. घेणाराने तीन प्रश्न विचारले पाहिजेत. ती किती दाबास उघडते? हा आकडा बॉयलरास मंजूर झालेल्या कमाल दाबाहून अधिक असता कामा नये, आणि नेहमीच्या कामाचा दाब त्याहून दहाएक टक्के खाली असावा. नाहीतर झडप सदा कुरकुरते व तिची बैठक झिजते. दुसरा प्रश्न, ती ताशी किती किलो वाफ सोडते? बॉयलर ताशी ६०० किलो वाफ करीत असेल व झडप ४००च किलो सोडीत असेल, तर ती शिट्ट्या मारीत असतानाही आत दाब वाढतच राहील. तिसरा प्रश्न, ती कशासाठी घडविली आहे? वाफेची व हवेची झडप एकदम पुरती उघडावी लागते, द्रवाची हळूहळू उघडली तरी चालते. या तिहींची उत्तरे झडपेवरील पट्टीवर आणि चाचणीच्या दाखल्यावर नसतील, तर ती वस्तू पितळेचा तुकडा समजावी.

उत्तम झडपही वाईट बसविली तर व्यर्थ होय. ती बॉयलराच्या माथ्यावर, उभी, शक्य तितक्या जवळ असावी. तिच्या व बॉयलराच्या मध्ये बंद करण्याचा कॉक कदापि नसावा. तो आज दुरुस्तीसाठी फिरविला जातो आणि उद्या उघडावयाचा विसरतो. आत येणारा व बाहेर जाणारा मार्ग झडपेच्या तोंडाहून अरुंद नसावा. सुटलेली वाफ माणसांच्या अंगावर न येता छपराबाहेर जावी, त्या नळाचा भार झडपेवर पडू नये, आणि त्याच्या तळाशी पाणी निथळण्यास छिद्र असावे. जेथे वाफेचा दाब कमी करून ती पुढील भांड्यास देतात, तेथे त्या भांड्याच्या बाजूस निराळी झडप हवी. कारण दाब उतरविणारे यंत्र अडकले की वरचा सारा दाब खाली येतो. मात्र एक भ्रम टाळावा. बॉयलरातील पाणी आटून पत्रा लाल झाला, तर ही झडप वाचवू शकत नाही. तेथे पाण्याची काच पाहणारा जागा व शिकलेला अटेंडंटच उपयोगी पडतो.

यावर मालकांची उत्तरे ठरलेली आहेत. ‘झडप गळते, इंधन जळते, म्हणून स्प्रिंग जरा आवळली.’ आवळली म्हणजे काय केले? मंजूर दाबाचा कागद फाडला व त्या जागी आपला अंदाज लिहिला! गळणारी झडप काढून तिची बैठक घासून घ्यावी आणि चाचणीयंत्रावर दाब ठरवून मोहोर लावावी, हा उपाय एका दिवसाचा आहे. ‘इतकी वर्षे काही झाले नाही,’ हे दुसरे उत्तर. गंजून घट्ट बसलेली झडपही इतकी वर्षे काहीच करीत नाही. तिचे न उघडणे पहिल्यांदा कळते ते उघडावयाच्या क्षणी. ‘आमचा बॉयलर लहान, आम्हांस कायदा लागत नाही,’ हे तिसरे. २५ लिटरांहून लहान बॉयलर कायद्याबाहेर आहेत, हे खरे. पण वाफ कायद्याची कलमे वाचून फुटत नाही.

दाब एकट्या बॉयलरातच राहत नाही, हेही ध्यानी धरावे. २३ मे २०२४ रोजी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत एका रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन अनेक कामगार प्राणास मुकले. प्रथम बॉयलर फुटल्याची हाकाटी झाली. पुढे तो रिॲक्टरचा स्फोट असल्याचे सांगण्यात आले. मेलेल्यांच्या घरी या भेदाने काय फरक पडला?

सरकारी तपासनीस वर्षातून एकदा येईल. उरलेले दिवस कारखाना आपलाच आहे. म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक गाळ्यात झडपांची वही असावी, तीत उघडण्याचा दाब व शेवटच्या चाचणीची तारीख असावी, आणि ती कामगारास पाहावयास मिळावी. एकट्यास न परवडणारे चाचणीयंत्र कारखानदारांच्या संघाने सामाईक घ्यावे. माल उचलणाऱ्या व्यापाऱ्याने भाव विचारतो तशी ती वहीही विचारावी. सकाळच्या गाडीने नालासोपाऱ्याहून, विरारहून कामास येणारा मनुष्य मजुरीचा करार करतो, मरणाचा करीत नाही. त्याने संध्याकाळी घरी परतावे एवढ्यासाठी वाफेस एक वाट मोकळी ठेवणे, ही मेहेरबानी नव्हे. ते मालकाचे देणे आहे.